विभूती लावलेली सायकल

दांडीवरची विभूती पुसली गेली आहे, हे सगळ्यात आधी चन्नम्माक्काच्या लक्षात आलं.

माझ्या मुलीच्या बारशासाठी अक्का, माझी थोरली बहीण, आदल्या दिवशीच उमरग्याहून आली होती. आमच्या नळदुर्गच्या घराची पुढची खोली म्हणजे सायकलचं दुकान, आणि घरात जायची वाट दुकानातूनच. पाण्याची घागर घेऊन ती आत येत होती, ती भिंतीला टेकवलेल्या हिरव्या सायकलीपाशी थांबली.

"शिवशरण," ती म्हणाली, "हिच्यावर अप्पांची बोटं होती की रे. कुठं गेली?"

अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, भाड्याच्या सायकलीची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. वर न बघता म्हणाले, "धूळ झटकताना गेली असतील."

"तीन बोटं धुळीत जात न्हाईत. तेलाच्या फडक्यानं जातात."

ट्यूबमधून बुडबुडे येत होते, त्यावर अण्णांनी अंगठा दाबून धरला. मी बाजूला चेन घासत बसलो होतो. सकाळी त्यांना फडकं फिरवताना मी बघितलं होतं आणि गप्प बसलो होतो.

अप्पांची, आमच्या वडिलांची, एक रीत होती. गिऱ्हाइकानं बयाणा दिला की कपाळाला लावायच्या विभूतीची तीन बोटं ते सायकलीच्या दांडीवर ओढायचे. पावती नाही, साक्षीदार नाही. विभूती लागली की सायकल गिऱ्हाइकाची. दुकानात उभी असली तरी त्याची. बयाण्याचे रुपयेसुद्धा माल हवाली होईपर्यंत ते खर्चत नसत, देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत ठेवत. ही हिरवी सायकल श्रावणातच धुळाप्पा धनगराची झाली होती. किंमत ठरली एकशेचाळीस. वीस चांदीचे रुपये त्यानं दिले होते. बाकीचे माघात मेंढरांची कातरणी झाली की द्यायचे होते.

मधल्या सहा-सात महिन्यांत रुपया खाली आला.

आमचा रुपया हाली, निजामाचा. सरहद्दीच्या नाक्यापलीकडं सोलापुरात चालायचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आमच्याकडं बायकापोरांनाही तो पाठ होता. पण अठ्ठेचाळीस सालच्या त्या फाल्गुनात नाक्यावर गाड्या अडत होत्या, पलीकडचा माल अलीकडं येत नव्हता, आणि सोलापूरचे दुकानदार हाली नोट बोटानं परत सरकवत होते. शंभर कलदार पाहिजेत तर पावणेदोनशे हाली मोजा म्हणायचे. सोलापुरात सायकल होती तिथंच होती, एकशेवीस कलदारला. आमच्या गावात तीच सायकल दोनशेदहा हालीच्या खाली पडत नव्हती. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं, आणि आम्ही चोर असल्यासारखं आमच्याकडं बघून परत जायचं.

दुकानात विकायला उरलेली ही एकच सायकल होती.

"सायकल विकायची तर अप्पांना सांगून विक," अक्का म्हणाली. "पुसून विकू नको."

"निरोप तूच आणलास ना, अक्का? मेहुण्यांनीच सांगितलं ना, उमरग्याचा कापसाचा दलाल एकशेतीस कलदार रोख द्यायला तयार आहे म्हणून?"

"आणला. पण तू फडकं घेशील असं मला वाटलं नव्हतं."

घागर आत ठेवायला ती गेली, पण जाताना तिनं पदर सायकलीला लागू दिला नाही.

अण्णांची बाजू मला तेव्हा कळत नव्हती. आज कळते. भाड्यानं द्यायच्या आमच्या नऊ सायकली होत्या. त्यातल्या चार टायर नसल्यामुळं खुंटीला टांगल्या होत्या. टायर सोलापूरहून यायचे, कलदार मोजून. अप्पांचं वय झालं होतं, मी बाविशीत होतो, त्यामुळं टायरसाठी सोलापूरच्या दुकानांतून हात जोडत फिरायचे ते अण्णा. एका दुकानदारानं त्यांची हाली नोट हवेत धरून गिऱ्हाइकांना दाखवली होती आणि सगळे हसले होते. ते त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं ते पंधरा वर्षांनी. त्या सकाळी फडकं फिरवताना त्यांच्या डोळ्यांपुढं तो हात होता, असं ते म्हणाले.

अप्पा मठातून आले तेव्हा उन्हं चढली होती. सकाळीच स्वामी येऊन बाळाला लिंग बांधून गेले होते, त्यांना पोचवायला अप्पा गेले होते. कपाळावर ताजी विभूती होती. उंबऱ्यातून आत आले आणि सायकलीपाशीच थांबले. त्यांना आता कमी दिसायचं, पण ती जागा ते रोज बघायचे.

"कुणी पुसली?"

"मी," अण्णा म्हणाले. उठून उभे राहिले. लपवायचा माणूस नव्हता तो.

"का?"

"अप्पा, धुळाप्पा एकशेचाळीस देणार. त्यात ऐंशी कलदार येतात. ऐंशी कलदारात सायकल येत न्हाई. एक चाक नि घंटी येईल."

"म्हणून?"

"त्याचे वीस त्याला परत द्या. वर पाच माझ्याकडचे घाला. सायकल उमरग्याला जाऊ द्या. एकशेतीस कलदारात दुसरी सायकल येते, वर दोन टायर येतात. न्हाईतर ही गेली की दुकानात विकायला घंटीसुद्धा उरत न्हाई."

अप्पा स्टुलावर बसले. आत बघून त्यांनी हाक मारली, "चन्नम्मा!"

अक्का दारात आली.

"तू बारशाला आलीस का दलालीला?"

"बारशालाच आले. निरोप वाटेत भेटला," ती म्हणाली. "आणि अप्पा, शिवशरण खोटं न्हाई बोलायला. आमच्याकडं उमरग्यात पण तेच चाललंय. सकाळचा भाव संध्याकाळी राहत न्हाई. पण त्यानं पुसायला नको होती. एवढंच माझं म्हणणं."

"म्हणजे तू कुणाच्या बाजूची?"

"दोघांच्या. जेवायला दोघांबरोबर बसायचंय मला."

अप्पा माझ्याकडं वळले. "वीरप्पा, तुझं काय?"

मी म्हणालो, "विभूती लावली होती ना, अप्पा."

"तुला सोपं आहे," अण्णा म्हणाले. "तू पंक्चर काढतोस. टायर मी आणतो."

हे खरं होतं, म्हणून मला लागलं. आतल्या दारामागं पाळण्याची दोरी कुरकुरत होती, ती थांबली. माझी बायको उमा तिथं बसली होती, तेरा दिवसांची बाळंतीण. तिचं माहेर सोलापूरचं. बाळंतपण तिकडंच व्हायचं, पण नाक्यावरच्या धामधुमीत पाठवायची अप्पांची हिंमत झाली नाही. सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नसे, तेव्हाची रीत तशीच होती. दोरी थांबली की उमा ऐकते आहे, एवढं मला कळायचं.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. "शरणार्थी, सावकार!"

धुळाप्पा होता, आमच्या लोकांचा नमस्कार घालत. बाजाराचा दिवस होता हे आम्ही बारशाच्या गडबडीत विसरलो होतो.

तो पायरीपाशी उभा राहिला. खांद्यावर जुनं घोंगडं, हातात काठी. मागं त्याची बायको हरणाबाई आणि थोरला मुलगा बिरदेव, गाढवाची दोरी धरून. गाढवावर काळ्या घोंगड्यांची चळत होती.

"शरणार्थी. ये धुळाप्पा, बस," अप्पा म्हणाले.

"बसत न्हाय. आदी इथं आलो. सायकल हाय का बघावं, मंग बाजारात घोंगडी इकावी. बारा हाईत. दहाच्या भावानं एकशेवीस व्हत्यात. दुपारपतुर पैसं आणून टाकतो. येत्या एक तारखेला पोराला धाराशिवच्या दप्तरात हजर व्हायचंय. सवताची सायकल न्हाय तर नाव खोडत्यात."

बिरदेवची नोकरी देवी टोचणाऱ्याची होती. गावोगाव फिरायचं, पोरांच्या दंडाला देवीची लस टोचायची. धुळाप्पाच्या वाड्यावस्त्यांत सरकारी कागद आलेला तो पहिलाच. कागद उर्दूत होता, पण बिरदेव तो धडाधडा वाचून दाखवायचा. धुळाप्पाची धाकटी पोर तीन वर्षांपूर्वी देवीनंच गेली होती. म्हणून बापानं मेंढरं सोडून या नोकरीला होकार दिला होता.

धुळाप्पा बोलत होता आणि हरणाबाई सायकलीकडं बघत होती. दर बाजारी ती दुकानासमोरून जायची. आत कधी आली नाही. रस्त्यावरूनच त्या तीन पांढऱ्या रेघा बघायची आणि पुढं जायची. हे तिनं नंतर उमाला सांगितलं. त्या दिवशी तिला रेघा दिसल्या नाहीत. नवऱ्याच्या घोंगड्याचं टोक तिनं मुठीत धरलं.

धुळाप्पानं मागं बघितलं, मग सायकलीकडं बघितलं. त्यालाही कळलं.

"सावकार, दुसऱ्या कुणाची झाली का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "तुझीच आहे. घेऊन जा."

"अप्पा, त्याला खरं सांगा," अण्णा म्हणाले. "तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो. धुळाप्पा, श्रावणात ही एकशेचाळीसला पडली. आज दोनशेदहाला पडते. तुझ्या पैशात आम्हाला दुसरी येत न्हाई. तुझा दोष न्हाई, आमचा न्हाई. रुपया खाली गेलाय."

धुळाप्पा पायरी चढून सायकलीपाशी आला.

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"राहू द्या कसं?" अप्पा उठले. "मी विभूती लावली होती!"

"लावली व्हती, सावकार. पर तुमचं नुसकान करून म्या सायकल न्हेनार न्हाय. पोरगं लोकांच्या लेकरांना टोचाया जानार. त्याच्या चाकाखाली कुनाचा तळतळाट नगं."

"तळतळाट कुणाचा? माझा? मी खुशीनं देतोय!"

"तुमी खुशीनं द्याल. ह्या तुमच्या लेकाचं त्वांड बघा."

अण्णांनी तोंड फिरवलं.

"मी विभूती लावलेली सायकल परत घेत न्हाई," अप्पा म्हणाले.

"आन् म्या दयेची न्हेत न्हाय."

"तुला न्यावीच लागेल!"

"न्हाय न्हेत, जा!"

दोघं म्हातारे सायकलीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडं ती ढकलत होते. हँडल हलून घंटी वाजली. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून बघायला लागले. बिरदेवची मान खाली गेली होती. नोकरी त्याची चालली होती, आणि भांडण तिसरंच चाललं होतं.

तेव्हा आतल्या दारामागून उमाचा आवाज आला. ती बाळाशी बोलत होती. आवाज मात्र पाळण्यापेक्षा बराच लांब जाईल एवढा होता.

"ऐक गं बाई. तुला सांगते, दुसरं कोण आहे माझं ऐकायला. काल तुझ्या मामानं सोलापूरहून बाळंतविडा पाठवला. डिंक पाठवला, खोबरं पाठवलं आणि सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत काय म्हणतो मामा? म्हणतो, बहिणी, नाके लागल्यापासून तुमच्याकडचं घोंगडं इकडं येईना. आपल्या दुकानात एक उरलं न्हाई. गिऱ्हाईक नऊ-नऊ कलदार द्यायला तयार आहे, पण माल कुठाय?"

अप्पा दाराकडं बघत नव्हते, पण मान तिकडं कलली होती.

"आता तुला हिशेब शिकवते. मोठी झालीस की लागेल. श्रावणात घोंगडं कितीला होतं? दहाला. सायकल? एकशेचाळीसला. म्हणजे तुझ्या आज्यांनी सायकल किती घोंगड्यांना दिली? चौदा. दोन घोंगड्यांचे रुपये डबीत आहेत. राहिली किती? बारा. ती बघ, गाढवावर आहेत. मग कमी काय पडलं गं? सायकल हाय तेवढीच हाय. घोंगडं हाय तेवढंच हाय. मधला रुपया पातळ झालाय. त्याला मधून काढा म्हणावं. बाजारात घोंगडी विकून त्यांनी हाली आणूच नयेत. घोंगडीच द्यावीत. सोलापुरात ती कलदारात विकतील. तिथंच सायकल येईल."

बाळ रडायला लागलं. "बरं बरं, तुला पटलं न्हाई का," उमा म्हणाली आणि दोरी पुन्हा कुरकुरायला लागली.

पहिल्यांदा अण्णा खाली बसले. खिळा घेतला आणि जमिनीच्या धुळीत आकडे काढायला लागले. बारा नव्वं एकशेआठ. डबीतल्या वीस चांदीच्या रुपयांचे अकरा-बारा कलदार कुणीही देईल. त्यांनी एकदा बेरीज केली, पुसली, पुन्हा केली.

"येतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "वीरप्पा, ही तुला कुठं मिळाली रे?"

मी चेन घासत राहिलो. चेन मघाशीच लख्ख झाली होती.

"सावकार," धुळाप्पा म्हणाला, "ह्यात तुमचं नुसकान न्हाय?"

"न्हाई."

"मला दया न्हाय?"

"अरे न्हाई बाबा! चौदा घोंगड्यांची सायकल चौदा घोंगड्यांना."

"मंग घेतो."

पण अण्णांचं डोकं आता पुढं चाललं होतं. "थांबा. नाका आहे. करोडगिरीचे लोक बारा घोंगड्यांची चळत बघून सोडतील का? जकात मागतील, न्हाईतर निम्मी तिथंच ठेवून घेतील. अक्का, मेहुण्यांची नाक्यावर ओळख आहे का?"

"ओळख आहे. पण त्या ओळखीची जकात नाक्यापेक्षा जास्त आहे," अक्का म्हणाली.

हरणाबाई त्या दिवशी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिनं तोंडाला पदर लावला. आम्हाला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "शान्या मान्सांना इचारा तरी. धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं कोन काढून घेतंय? तुमी येताजाता नाका वलांडता, कदी कुनी इचारलं का ह्ये काय हाय म्हनून? बारा गडी काय आपल्यात न्हाईत?"

अण्णांच्या हातातला खिळा पडला. अक्का एवढ्या मोठ्यानं हसली की आत बाळ दचकून गप्प झालं.

अप्पा मात्र हसले नाहीत. ते दारापाशी गेले, उंबऱ्याच्या अलीकडंच थांबले. सुनेशी थेट बोलायची त्यांचीही रीत नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"नीलम्मा," ते पाळण्याकडं तोंड करून म्हणाले, "तुझ्या आईला सांग. या दुकानात मी चाळीस वर्षं बसलो. आज तिनं माझी विभूती राखली. सांगशील?"

आतून बांगड्या वाजल्या. उमा पदर सारखा करून जागच्या जागी वाकली असणार.

"अप्पा!" अक्का ओरडली. "नाव तुम्ही घेतलंत?"

"कुठलं नाव?"

"नीलम्मा! नाव आत्यानं ठेवायचं असतं! मी उमरग्याहून कशाला आले? दुपारी बायका येणार, कानात कुर्र करायचं, आणि तुम्ही सकाळीच दुकानात सांगून मोकळे!"

अप्पांनी कपाळाला हात लावला. विभूती हाताला लागली. "चुकलं. मनात ठेवलं होतं, तोंडातून गेलं."

"मला यमुना ठेवायचं होतं."

"आता नीलम्माच ऱ्हाऊ द्या, अक्का," धुळाप्पा गंभीरपणानं म्हणाला. "बयाणा दिल्यावानी झालं."

त्यावर अप्पासुद्धा हसले. अक्का दुपारपर्यंत फुगून होती, पण कानात कुर्र करताना तिनं नीलम्माच म्हटलं.

त्याआधी एक गोष्ट राहिली होती. अप्पांनी आतून विभूतीचा गोळा आणला आणि अण्णांच्या पुढं धरला.

"तू पुसलीस. तू लाव."

अण्णांचे हात तेलाचे होते. त्यांनी ते धोतराला पुसले, ते पुरेना म्हणून पाण्यात धुतले, कोरडे केले. मग तीन बोटं विभूतीवर ओढून हिरव्या दांडीवर टेकवली. रेघ थोडी वाकडी आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं का नव्हतं, मी सांगू शकत नाही, मी त्यांच्या पाठीमागं होतो. हरणाबाई समोर होती. तिनं मान हलवली आणि नवऱ्याच्या घोंगड्याचं टोक सोडलं.

बिरदेव सायकल घेऊन गेला तो हातानं ढकलत. बसून जा म्हटलं तरी बसेना. गावाबाहेर गेल्यावर बसला म्हणे, आणि गाढव घाबरून शेतात पळालं.

पाचव्या दिवशी बारा धनगर नाक्यावरून सोलापूरला गेले. दोघं-दोघं, तिघं-तिघं, मधे अंतर ठेवून, प्रत्येकाच्या खांद्यावर एक नवं घोंगडं. मी साध्या कपड्यात त्यांच्या मागं. करोडगिरीच्या माणसानं माझी पिशवी उलटी केली, भाकरी मोडून बघितली. धनगरांकडं त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. उमाच्या भावानं माल बघितला आणि नऊ नाही, दहाचा भाव लावला. अकरा घोंगड्यांतच भागलं. येताना अकरा जण उघड्या खांद्यांनी आले, सगळ्या रस्त्यानं एकमेकांची थट्टा करत. मी नव्या सायकलीवरून आलो. निघताना तिच्या दांडीला, चाकांना, सीटला मी ओढ्याचा चिखल फासला होता आणि घंटी काढून खिशात ठेवली होती. नाक्यावरचा माणूस म्हणाला, "ही जुनाट कुठून उचललीस?" मी म्हणालो, "साहेब, सासऱ्यानं दिली." त्याला माझी कीव आली. त्यानं सोडलं.

बारावं घोंगडं मी धुळाप्पाला परत करायला गेलो. तो घेईना. "दिल्यालं घोंगडं म्या म्हागारी घेत न्हाय." अप्पाही ठेवून घेईनात. बाराचा सौदा अकरात झाला, तर बारावं त्याचंच. ते घोंगडं तीन वेळा त्याच्या वस्तीवर गेलं आणि तीन वेळा परत आलं. चौथ्या वेळी उमानं ते माझ्या हातातून घेतलं, दुमडलं आणि पाळण्यात घातलं. "आता कोण काढतंय बघू," ती म्हणाली. हे ती मला म्हणाली, बाळाला नाही.

ज्येष्ठात बिरदेव आमच्या गल्लीत आला, सायकलवरून, खाकी टोपी घालून, कॅरियरला लशीची पेटी बांधून. दांडीवर पांढऱ्या रेघांची थोडी खूण अजून होती. गल्लीतल्या बायकांनी पोरं आत ओढून दारं लावून घेतली. टोचलं की पोर मरतं, असं बोललं जायचं. तो मोकळ्या गल्लीत घंटी वाजवत उभा राहिला. तेव्हा उमा नीलम्माला घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावर, पण चाल सरळ. ओट्यावर तिनं ते घोंगडं अंथरलं, त्यावर बसली, आणि पोरीचा दंड उघडा करून पुढं धरला. अप्पा दुकानातून बघत होते. नीलम्मा किंचाळली. उमानं तिला छातीशी धरलं आणि बंद दारांकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "झालं गं बाई. एवढंच असतंय."

त्यानंतर अण्णा त्यांच्या दोन्ही पोरांना घेऊन आले. मग एकेक दार उघडलं. बिरदेवला त्या दिवशी जेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

त्याच भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. हाली पुढं काही वर्षं चालला, मग तोही गेला. अप्पा गेले, अण्णा गेले. बिरदेवनं ती सायकल नोकरी संपेपर्यंत चालवली.

उमा या मार्गशीर्षात गेली. अठ्ठावन्न वर्षं ती माझ्याबरोबर होती. चारचौघांत मला काही सांगायचं असलं की ती शेवटपर्यंत पोरांकडं बघून सांगायची, नंतर नातवंडांकडं बघून. घरात कुणी नसेल तेव्हाच थेट बोलायची.

तेराव्याला नीलम्मा स्वयंपाकघरात मोठं पातेलं उतरवत होती. बाही वर गेली होती. दंडावर देवी टोचल्याचा तो वण होता, रुपयापेक्षा थोडा लहान, गोल. मी दारात उभा होतो. घरात माणसं भरलेली होती.

"नीलम्मा," मी म्हणालो, "तुझ्या आईला सांग, भाव तिनं बरोबर लावला होता."

तिनं पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"सांगते, अप्पा," ती म्हणाली.